शहर किती वाढलं ते कळतं, पण उरलेल्या रानाचे किती तुकडे झाले ते कसं मोजायचं?

घोगली_वाट
नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते, माहेर नागपूरच्या दक्षिणेला बेसा-घोगलीकडचं. लहानपणी आमच्या घरापासून पिपळ्यापर्यंत चालत जायचो तर मधे सगळं रानच, तूर, पऱ्हाटी (कापूस), दोन आमराया आणि एक पायऱ्यांची विहीर. आता तिथे गेलं की रान संपलंय असंही म्हणता येत नाही आणि उरलंय असंही नाही. एक अपार्टमेंट, मग रिकामा प्लॉट, मग थोडी तूर, मग मंगल कार्यालय, मग परत रिकामं.

यंदा मुलांकडून प्रकल्प करून घेतेय. लँडसॅट उपग्रहांची १९९१, २००१, २०११ आणि २०२१ ची चित्रं फुकट उतरवली, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधे बांधकाम, शेती, झाडी, पाणी असे चार वर्ग पाडले आणि प्रत्येकाचं क्षेत्र काढलं. बांधकाम वाढलं, शेती घटली. हे सांगायला उपग्रह कशाला पाहिजे, बेसा चौकात उभं राहिलं तरी दिसतं. मला जे डोळ्यांना दिसतं, ते तुकडे होणं, ते आकड्यात कसं आणायचं? कोणी केलंय का असं काम?

संत्रानगरी
वाचतोय. विषय जिव्हाळ्याचा.

फाटकापलीकडे
ताई, आम्ही १९८९ मधे मनीषनगरला प्लॉट घेतला तेव्हा नातेवाईक म्हणाले होते फाटकापलीकडे कोण राहायला जाते. संध्याकाळी सायकलवर घरी येताना कोल्हे ओरडायचे हो. रेल्वे फाटक बंद असलं की अर्धा तास उभं राहायचं आणि पलीकडे नुसतं काळं रान. आता तिथून बेशापर्यंत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. मोजमापातलं मला काही कळत नाही पण धागा चालू ठेवा, जुनं सांगायला मी आहे.

पिक्सेलवाला
घोगली_वाट, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. क्षेत्र हा एक आकडा झाला, पण रचना वेगळीच गोष्ट आहे आणि ती मोजायची मापं आहेत. त्यांना लँडस्केप मेट्रिक्स म्हणतात. यासाठी फ्रॅगस्टॅट्स नावाचं सॉफ्टवेअर १९९५ पासून आहे, मॅकगॅरिगल आणि मार्क्स या दोघांनी काढलेलं, फुकट मिळतं. कोडिंग येत असेल तर आर या संगणक-भाषेत लँडस्केपमेट्रिक्स पॅकेज आहे.

एक हिशोब मुलांना फळ्यावर करायला लावा. शंभर हेक्टर शेत एकाच चौकोनात असेल तर बाजू एक किलोमीटर, कडा एकूण चार किलोमीटर. तेच शंभर हेक्टर एकेक हेक्टरच्या शंभर तुकड्यांत असेल तर प्रत्येकाची कडा ४०० मीटर, म्हणजे एकूण ४० किलोमीटर. क्षेत्र तेवढंच आणि कडा दहापट! आता समजा कडेपासून तीस मीटर आतपर्यंत बाहेरचा त्रास पोचतो (धूळ, कचरा, कुत्री, सांडपाणी), तर आतलं शाबूत क्षेत्र पहिल्या चौकोनात ८८ हेक्टर उरतं आणि दुसऱ्यात सगळे तुकडे मिळून फक्त १६. तुम्ही जे डोळ्यांनी पाहताय ते हे आहे. तुकड्यांची संख्या, सरासरी तुकडा, सगळ्यात मोठा तुकडा एकूण जागेच्या किती टक्के, कडेची घनता (दर हेक्टरी किती मीटर कडा) आणि हे आतलं गाभा क्षेत्र, एवढी पाच मापं काढा. पन्नास काढू नका, बरीचशी एकमेकांचीच भावंडं असतात.

पांदणवाला
मी हिंगण्याकडला शेतकरी. पिक्सेलवाला भाऊ जे कडा कडा म्हणून राहिले त्याले आमच्याकडे धुरा म्हणतात. धुरे वाढले म्हंजे भांडणं वाढले हे आमाले कोण्या सॉफ्टवेअरनं नाही सांगावं लागत. पण हिशोब पटला राजेहो, चार किलोमीटरचे चाळीस.

आमचं सहा एकर आहे. पूर्वेकडलं वावर २००६ मधे ले-आऊटवाल्यानं घेतलं, पश्चिमेकडलं २०१०. मधे आमी. पांदण होती बैलबंडीची, ती ले-आऊटच्या नकाशात आलीच नाही. कंपाउंड घातलं अन् पांदण बंद. आता ट्रॅक्टर न्यायचा तर दीड किलोमीटरचा फेरा. नाला होता तो मुरूम टाकून सपाट केला, आता पावसाळ्यात पाणी आमच्या तुरीत उभं राहते. उपग्रहातून आमचं सहा एकर हिरवंच दिसत असन. क्षेत्र जसंच्या तसं. पण ते शेत राह्यलं का?

घोगली_वाट
दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

सिव्हिलकर
मला जरा वेगळं बोलायचंय, राग मानू नका. शहरात २००१ ला साडेवीस लाख लोक होते, २०११ ला चोवीस लाखांच्या वर गेले. ही माणसं कुठे राहणार? मी स्वतः भंडाऱ्याहून आलो, वाठोड्याला दहा वर्षं भाड्यानं काढली आणि मग हुडकेश्वरला घर बांधलं. त्या प्लॉटवर कधीतरी ज्वारी होती म्हणून मी गुन्हेगार होतो का? तुकडे मोजून शेवटी निष्कर्ष काय तर शहर वाढू नये. हे ज्यांची घरं आधीच झालीत त्यांना म्हणणं सोपं आहे.

पिक्सेलवाला
सिव्हिलकर, निष्कर्ष तो नाही. उलट ही मापं तुमच्याच बाजूनं बोलू शकतात. चोवीस लाख माणसं एका सलग आकारात राहतात की वीस किलोमीटरवर शिंपडलेली राहतात याचा पाण्याच्या पाइपलाइनवर, बससेवेवर आणि तुमच्या पेट्रोलवर परिणाम होतो. हुडकेश्वरला नळाचं पाणी यायला किती वर्षं लागली?

सिव्हिलकर
सात. तोवर टँकर. ठीक आहे, हा मुद्दा मान्य. पुढे बोला.

पिक्सेलवाला
वाढीचे तीन प्रकार मानतात. जुन्या वस्तीच्या मधली रिकामी जागा भरणं, कडेला चिकटून वाढणं, आणि उडी मारून लांब जाऊन बसणं. नवीन तुकड्याभोवती एक पट्टा काढायचा आणि त्या पट्ट्यात आधीचं बांधकाम किती टक्के आहे ते बघायचं. निम्म्याहून जास्त असेल तर मधली जागा भरणं, शून्य असेल तर उडी, मधलं सगळं कडेची वाढ. नागपुरात या तिन्हीची उदाहरणं सहज सापडतील. धरमपेठ-रामदासपेठेत बंगला पाडून अपार्टमेंट होतं ते तर या नकाशात दिसणारही नाही, कारण बांधकामाच्या जागी बांधकामच. वर्धा रोडवर मिहान या विमानतळाजवळच्या उद्योग-प्रकल्पाची मोठी उडी, आणि मग ती उडी आणि शहर यांच्यामधली जागा हळूहळू भरत गेली. मेट्रोसुद्धा २०१९ च्या मार्चमधे प्रवाशांसाठी सुरू झाली ती सीताबर्डी ते खापरी, म्हणजे त्याच दिशेला.

यावरून एक फसगत सांगतो. वाढीच्या सुरुवातीला बांधकामाच्या तुकड्यांची संख्या वाढते, कारण इकडेतिकडे ठिपके पडतात. नंतर ठिपके एकमेकांना मिळतात आणि संख्या घटते. त्यामुळे २०२१ ला तुकडे कमी झाले म्हणून कोणी शहर शिस्तीत आलं असं लिहील तर ते चूक. त्याच वेळी शेतीच्या तुकड्यांचा आलेख बघायचा, कारण जिथे बांधकाम जोडलं जातं तिथे रान तुटतं.

राजापूर_बारसा
हे जुळणं नागपूरला नवीन नाही हं. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं १७०२ मधे शहर वसवलं ते बारा लहान वस्त्या जोडून, त्यावरूनच राजापूर बारसा म्हणायचे. म्हणजे पिक्सेलवाल्यांच्या भाषेत बारा तुकड्यांचा एक तुकडा. माझ्या आयडीचं रहस्य आज पहिल्यांदा कामी आलं! पुढे चांद सुलतानच्या काळात जुम्मा तलाव झाला, तोच आजचा गांधीसागर. महालात राहणाऱ्यांना विचारा, एकेकाळी शहर तिथेच संपत होतं.

संत्रानगरी
मग केंद्र कुठलं धरायचं? महाल, बर्डी की झिरो माईल? मी तर तर्री पोह्याची गाडी जिथे आहे ते केंद्र धरतो.

फाटकापलीकडे
गाड्या काय एक आहेत का? शहराला दोनशे केंद्रं होतील. कस्तुरचंद पार्कजवळची धरा आणि मोकळे व्हा.

नकाशावेडा
केंद्राचा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे. मी पदव्युत्तर प्रबंधात झिरो माईल धरून एकेक किलोमीटरची दहा वर्तुळं काढली होती आणि शॅनन एन्ट्रॉपी काढली. सोपं करून सांगतो, सगळं बांधकाम एकाच वर्तुळात असेल तर उत्तर शून्य, दहाही वर्तुळांत सारखं पसरलं असेल तर दहाचा नैसर्गिक लॉग म्हणजे २.३०. आकडा जेवढा वरच्या टोकाकडे सरकेल तेवढं शहर विस्कटलेलं. मात्र बाहेरचं वर्तुळ आपोआपच मोठं असतं म्हणून नुसतं क्षेत्र न घेता प्रत्येक वर्तुळातली बांधकामाची घनता घ्यायची, माझं पहिलं उत्तर याच चुकीमुळे गेलं होतं आणि गाइडनं सगळं प्रकरण परत करायला लावलं. वर्तुळांसोबत दिशाही पाडा, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिथल्या शहरावर असं बरंच काम झालंय. आपल्याकडे वर्धा रोड, हिंगणा रोड, अमरावती रोड, काटोल रोड, कामठी रोड, भंडारा रोड, उमरेड रोड असे आरेच आहेत चाकाला. काटोल रोडकडे गोरेवाड्याचं जंगल आडवं येतं म्हणून तिकडची वाढ वेगळी आणि उमरेड रोडची वेगळी, सरासरीत हे सगळं बुडून जातं.

पक्षीवेडी
गोरेवाड्याचं नाव निघालं म्हणून. आम्ही दर हिवाळ्यात पक्षी मोजतो. माळावरचे पक्षी, चंडोल, धाविक, यांना सलग उघडी जागा लागते, झाडं नाही. त्यामुळे प्लॉटवर कडुनिंब लावून ‘हिरवळ वाढली’ म्हटलं तर तो आकडा या पक्ष्यांच्या कामाचा नाही. गोरेवाडा हा मोठा तुकडा आहे म्हणून तिथे बिबटे टिकून आहेत. २०२१ च्या मे महिन्यात गायत्रीनगर-आयटी पार्ककडे बिबट्या दिसला तेव्हा लोक म्हणाले शहरात कसा आला. मला तेव्हापासून दोन तुकड्यांमधलं अंतर हा विषय डोक्यातून जात नाही. त्याचंही माप असतं ना?

पिक्सेलवाला
असतं, सगळ्यात जवळच्या सारख्या तुकड्यापर्यंतचं अंतर. पण त्यात मधे काय आहे ते धरत नाहीत. मधे तुरीचं शेत असलं काय आणि रिंग रोड असला काय, अंतर तेच. बिबट्याला ते तेच नसतं.

आणि रस्त्याचा मुद्दा निघालाच आहे तर, लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, तीस मीटरचा असतो, त्यात ले-आऊटचा नऊ मीटरचा रस्ता दिसत नाही पण समृद्धी महामार्ग दिसतो. शिवमडक्यापासून सुरू होणाऱ्या त्या पट्ट्याची रुंदी १२० मीटर म्हणजे चार पिक्सेल. म्हणून तो एका फटक्यात मोठ्या तुकड्याचे दोन करतो आणि शेकडो छोटे रस्ते मिळून जेवढं कापतात ते नकाशात येतच नाही.

नागनदीकाठ
मी इतके दिवस नुसती वाचत होते. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. सासूबाईंना टेबलावर बसवलं, मग टेबल तरंगायला लागलं तसं शेजारच्यांनी खिडकीचं गज कापून वर ओढून घेतलं. चार तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस आणि अंबाझरी ओसंडला. नंतर तक्रारीसाठी ज्या ज्या कार्यालयात गेलो तिथे प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं, ते जाऊ द्या.

मला विचारायचंय ते हे की तुमच्या मापांत आमचं घर कुठे येतं? आमच्या भागात तीस वर्षांत नवीन काही झालंच नाही, आधीपासूनच वस्ती. मग पाणी का वाढलं?

पिक्सेलवाला
ताई, वाचून वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरापाशी नाही, वर आहे. नाग नदी लाव्हा-वाडीकडच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीत पाणी तिकडूनच येतं. वाडी, दत्तवाडीकडचं बांधकाम वाढलं की तिथलं पाणी मुरत नाही, एकदम खाली येतं. पाऊस जास्त होताच, सांडव्याचे आणि नदीपात्राचे प्रश्नही आहेत, एकट्या बांधकामावर ढकलता येणार नाही. पण मोजताना महापालिकेची हद्द धरली तर वाडी हद्दीबाहेर आणि तुमचं घर आत, म्हणजे कारण एका नकाशात आणि परिणाम दुसऱ्यात. घोगली_वाट, हद्द ठरवताना हे लक्षात घ्या. पाणलोट धरून मोजलं तर पाण्याची गोष्ट कळेल. आणि हद्द काहीही धरा, चारही वर्षांना तीच ठेवा, कारण हुडकेश्वर-नरसाळा मधे शहरात आलं तशी हद्द सरकली तर तुकडे आपोआप वाढलेले दिसतील.

नागनदीकाठ
हे कोणीतरी आधी एवढं साधं सांगायला हवं होतं.

नकाशावेडा
चित्रांबद्दल दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे महिना. एप्रिलमधे उघडं काळं रान आणि सिमेंट संगणकाला एकसारखं वाटतं, माझ्याकडे अख्खं कळमेश्वर शहर झालं होतं. नोव्हेंबर बरा. पण नोव्हेंबरात सोयाबीन निघालेलं असतं आणि शेजारी तूर-पऱ्हाटी उभी, त्यामुळे शेतीचेच तुकडे पडतात. १९९१ नंतर सोयाबीन वाढलं तेवढ्यानंही तुकडे वाढलेले दिसतील, त्यात शहराचा काही संबंध नाही. म्हणून पीक असलेलं आणि उघडं असं आधी वेगळं ओळखून मग दोन्ही शेती वर्गात एकत्र करा, तुकडे त्यानंतर मोजा. दुसरं, २००३ च्या मे नंतरच्या लँडसॅट सातच्या चित्रांवर पट्टे येतात, ती घेऊ नका. २०११ ला लँडसॅट पाच आहे, २०२१ ला आठ. सेंटिनेल या दुसऱ्या उपग्रहाचं दहा मीटरच्या पिक्सेलचं चित्र सुंदर दिसतं म्हणून शेवटच्या वर्षाला ते घ्यायचा मोह होईल, पण मग बारीक चित्रात तुकडे जास्तच दिसणार.

घोगली_वाट
बापरे, मी १९९१ एप्रिलचं आणि २०२१ डिसेंबरचं घेतलं होतं. सगळं परत करते. आणखी एक, दोन पिक्सेल नुसते कोपऱ्याला टेकत असतील तर तो एक तुकडा की दोन? एका गटाचं उत्तर आलं तीनशेच्या घरात आणि दुसऱ्याचं दोनशेच्या, चित्र तेच.

पिक्सेलवाला
एका गटानं चार शेजारी (फक्त बाजूला टेकणारे) धरले असतील, दुसऱ्यानं आठ (कोपऱ्याचेही). आठ धरा आणि अहवालात तसं लिहा.

पांदणवाला
आता माझा एक सवाल. आमच्या पूर्वेकडलं वावर २००६ मधे ले-आऊट झालं. अजून तिथं चारच घरं आहेत. बाकी प्लॉटचे दगड, गाजरगवत अन् बाभळी. शेती बंद होऊन इतके वर्ष झाले. तुमचा उपग्रह त्याले काय म्हणते? बांधकाम नाही, झाडी नाही, पाणी नाही. शेतीच म्हणत असन ना?

पिक्सेलवाला
भाऊ, तुम्ही या सगळ्या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारलात. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे १४० चौरस मीटर, लँडसॅटचा एक पिक्सेल ९०० चौरस मीटर, एका पिक्सेलमधे सहा प्लॉट. सहापैकी एकावर घर असेल तर संगणक त्याला पडीत किंवा शेतीच म्हणणार. म्हणजे नकाशावर शेती घर उभं राहिल्यावर मरते आणि प्रत्यक्षात ती दगड गाडल्याच्या दिवशी मेलेली असते.

सिव्हिलकर
हे शंभर टक्के खरं आहे. आमच्या ले-आऊटमधे अर्धे प्लॉट पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या लोकांचे, वीस वर्षं रिकामे. गुंठेवारीत नियमित झालेले कितीतरी ले-आऊट आजही असेच आहेत. मी वर म्हणालो माणसं कुठे राहणार, तर या प्लॉटवर माणसं राहत नाहीयेत. हा वर्ग मोजलाच पाहिजे, माझा पूर्ण पाठिंबा.

घोगली_वाट
(तीन आठवड्यांनी) मंडळी, उशीर झाला, मधे चाचणी परीक्षा होती. सगळी चित्रं नोव्हेंबरची घेऊन परत केलं आणि ‘ले-आऊट पडीत’ असा पाचवा वर्ग केला. तो संगणकाला ओळखता येत नाही म्हणून २०२१ साठी जास्त बारकावे दिसणाऱ्या चित्रांवर रस्त्यांची जाळी दिसते ती मुलांनी हातानं आखली, आणि रविवारी बारा जणं घेऊन घोगली-पिपळ्याकडे चाळीस बिंदू पायी तपासले. जुन्या वर्षांना असं तपासता येत नाही त्यामुळे हा वर्ग फक्त शेवटच्या नकाशात आहे आणि तसं लिहिलंय. तो वर्ग शेतीतून वेगळा काढल्याबरोबर आम्ही अभ्यासाला घेतलेल्या चौकोनातला शेतीचा सगळ्यात मोठा तुकडा मधून फाटला. मुलं स्क्रीनकडे बघत गप्प झाली होती. माझी पायऱ्यांची विहीर सापडली, एका अपार्टमेंटच्या पार्किंगमधे, जाळी टाकलेली.

एका बिंदूवर अडलोय. प्लॉटचे चुन्याचे दगड आहेत, कोपऱ्यात नंबर रंगवलेले, फलकही आहे, आणि मधे कोणीतरी हरभरा पेरलाय. दगडाला वळसा घालून तास काढलेत, अगदी सरळ. अर्धी मुलं म्हणतात ले-आऊट, अर्धी म्हणतात शेती. पांदणवाला दादा, तुम्हीच सांगा.

पांदणवाला
हरभरा कोण पेरला ते विचारलं का?

घोगली_वाट
हो, शेजारच्या वावरातल्या आजोबांनी. जमीन त्यांचीच होती, विकून बारा वर्षं झाली. मालक येत नाही तोवर पेरतो म्हणाले.

पांदणवाला
मंग शेतीच लिहा ताई. तास काढला म्हंजे शेती.

घोगली_वाट
लिहिलं. पुढच्या नोव्हेंबरात याच चाळीस बिंदूंवर परत जाणार आहोत, तेव्हा कळवते.